बरणीतले छर्रे

मिसुरी, अमेरिका
४ फेब्रुवारी २००१

आजी,

आधी पाया पडतो, मग बातमी सांगतो. उलट केलं तर पाया पडायचं राहूनच जाईल, एवढी बातमी मोठी आहे. मला बंदूक मिळणार आहे!

आई, तू आजीला वाचून दाखवताना इथेच थांबली असशील. थांबू नकोस, पुढे वाच. शिकारीची बंदूक आहे, सरकारी परवान्याची. त्यासाठी मी वर्ग केला, परीक्षा दिली आणि पासही झालो.

ज्यांच्या शेतावर मी वर्षभर शिकायला आलोय ते वॉल्टर, वय वर्षं शहात्तर. गेल्या महिन्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. चालतात, पण जमिनीवर बसता येत नाही. आणि सगळा घोळ तिथेच आहे. इथल्या रानात टर्की नावाचा पक्षी असतो. आपल्या रानकोंबड्याचा थोरला चुलता म्हण. दहा किलोचा, डोकं बोडकं, गळ्याला लाल लोळी, छातीवर केसांची शेंडी. वसंतात तीन आठवडे त्याची शिकार करायला परवानगी असते. तीही फक्त नराची, आणि दुपारी एक वाजला की बंद. झाडाच्या बुंध्याशी दगडासारखं बसून राहावं लागतं. वॉल्टर बसणार कसे?

आता ह्या घरची रीत ऐक. १९५१ पासून शिकारीच्या पहिल्या आठवड्यातल्या रविवारी इथे टर्की शिजते. जेवताना ज्याच्या दाताखाली पहिला छर्रा येईल त्यानं तो धुऊन खिडकीतल्या काचेच्या बरणीत टाकायचा. वर्षाला एकच. बरणीत पन्नास छर्रे आहेत, मी मोजले. मुलं दूर शहरात, त्यांना वेळ नाही. "पन्नास पुरे झाले," असं वॉल्टर बायकोला, म्हणजे मार्थाबाईंना, म्हणाले. पण म्हणताना खिडकीकडे बघत नव्हते.

आणि मी बोलून गेलो! म्हणालो, माझा आजा लक्ष्या शिकारी होता. अकरा वर्षं एका बारात एक कोंबडा, एक बार फुकट गेला नाही. भिंतीवरचा फोटो मी बरोबर आणलाय, तो दाखवला. मोखाड्याच्या बोहाड्याच्या जत्रेत काढलेला, खांद्यावर ठासणीची बंदूक, हातात रानकोंबडा, आणि कडेला तुझा अर्धा हात, बांगड्यांसकट. वॉल्टरनी बराच वेळ पाहिला आणि फ्रिजवर लावला. म्हणाले, "मग एक्कावन्नावा तू आण."

बंदुका दोन आहेत आणि मला एक निवडायची आहे. एकीला पंप म्हणतात. बार झाला की नळीखालचा दस्ता हातानं मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, खट्-खट्. रिकामं काडतूस बाहेर, नवं आत. ती वॉल्टरची जुनी. दुसरी त्यांच्या मुलानं मागे ठेवलेली, सेमी-ऑटोमॅटिक. तिला काही करावं लागत नाही, फक्त चाप ओढत राहायचं. तीन काडतुसं, तीन बार. वॉल्टर सांगतच नाहीत कुठली घेऊ. म्हणतात, "बसणार तू, निवडणार तू." तेवीस एप्रिलच्या सोमवारी हंगाम उघडतो. आजी, तू शिकाऱ्याची बायको. सांग, कुठली?

तुझा,
उमेश

———

आंब्याचा पाडा, पो. खोडाळा
ता. मोखाडा, जि. ठाणे
२६ फेब्रुवारी २००१

उम्या,

मी बोलते आणि तुझी आई लिहिते. मधेच अक्षर जाड झालं तर समज, तिथे ती रागावलीय.

तुझं पत्र तिनं अंगणात वाचलं. 'बंदूक' आली तशी गप्प झाली. मी म्हटलं, पुष्पे, वाच गं, पोरगा काही फौजदाराला मारून पळालेला नाही. शेजारची कोंडी आली होती सूप मागायला, ती सूप विसरून बसली. आता तिच्यामार्फत सगळ्या पाड्याला ठाऊक झालंय की लक्ष्याचा नातू अमेरिकेत वाघ मारणार आहे. मी सांगितलं, वाघ नाही, कोंबडा. तर म्हणते, "एवढ्या लांब जाऊन कोंबडाच?"

पहिलं म्हणजे, भिंतीवरचा फोटो तू मला विचारून नेलास का? तिथे पांढरा चौकोन राहिलाय. येणारा जाणारा विचारतो, म्हातारा कुठे गेला. मी सांगते, परदेशी.

आता बंदुकीचं. पंप म्हटल्यावर मला आधी वाटलं पाणी मारायची आहे. मग तुझ्या आईनं खट्-खट् वाचून दाखवलं तेव्हा कळलं. म्हणजे एक आपला हापसा झाला आणि दुसरी वरच्या आळीची मोटर. मोटर चांगलीच रे, बटण दाबलं की पाणी. पण ती आल्यापासून वरच्या आळीच्या बायका घरात नळ सोडून गप्पा मारत बसतात नि अर्धं पाणी गटारात जातं. हापशावरची बाई एक थेंब सांडत नाही, कारण दंड तिचा दुखतो. एवढंच सुचलं, अजून ठरवलेलं नाही. बंदुकीच्या आधी मला पाखराचं सांग. झाडावर झोपतं का? पहाटे आधी आरवतं की आधी उतरतं? माती उकरतं का? मादीनं हाक दिली तर धावत येतं की ऐट करत येतं? डोळा कसा आहे त्याचा, आणि कान? तू शेंडी नि लोळी लिहिलीस, ते नवरदेवाचं वर्णन झालं. शिकार रूपाची होत नाही, सवयीची होते.

तुझ्या आजाच्या नेमाचं काय सांगू. त्याच्या बाराचा आवाज पार सूर्यमाळ गावापर्यंत जायचा. आवाजाचं मी खात्रीनं सांगते.

अंगठा,
तुझी आजी हिराबाई

ता. क. उमेश, मी आई. त्यांनी सांगितलेलं सगळं लिहिलंय. आता माझं वाच. बंदुकीला हात लावू नकोस. लावलाच तर कान झाक. जेवत जा.

———

मिसुरी
१४ मार्च २००१

आजी,

तुझे प्रश्न मी वॉल्टरना एकेक करून सांगितले आणि ते खुर्चीत ताठ उठून बसले! म्हणाले, "ही बाई कोण आहे? असे प्रश्न माझ्या मुलांनी जन्मात विचारले नाहीत." तर ऐक. झाडावर झोपतो. अंधार फिटायला लागला की फांदीवरूनच आरवतो, मग उतरतो. माती नाही, पाचोळा उकरतो. मादीनं हाक दिली तर येतो, पण पिसारा फुलवून, ऐट करत, दहा पावलं चालून दोनदा थांबत. नाक काही कामाचं नाही, पण डोळा असा की पापणी हलली तरी गेला. ऐकूही लांबून येतं.

आता माझी मजा. दोन्ही बंदुका चालवल्या! कागदावर टर्कीची मान काढायची, तीस पावलांवर लावायची आणि बार. पंपनं खांदा जांभळा केला. आईला हे वाक्य वाचू नकोस म्हणावं तर वाचणार तीच. सेमी-ऑटोमॅटिक मऊ आहे गं, धक्का अर्धाच, आणि तीन बार कसे, धाड-धाड-धाड, मोजायच्या आत. माझं मन तिच्यावरच बसलंय. तीन बारात एक तरी लागेलच ना? काही लागले, काही नाही. चाप ओढला की समोर धूर होतो, त्यात नीट कळत नाही, पण सरावानं जमेल.

पंपचं एकच चांगलं, ती चिखलात पडली, थंडीत गारठली तरी चालते. दुसरी लाडावलेली आहे, रोज पुसावी लागते.

वॉल्टरनी काल भिंग आणून आजाचा फोटो पुन्हा पाहिला. म्हणाले, "एक पीस हललेलं नाही. कमाल आहे ह्या माणसाची." आणि एकटेच हसत राहिले. मला इतका अभिमान वाटला, आजी! आता मला आजाची खूण सांग. तो कुठला डोळा मिटायचा? किती पावलांवरून मारायचा? श्वास धरायचा का? मार्थाबाईंनी बरणी धुऊन, पुसून पुन्हा खिडकीत ठेवलीय. जेवताना तिघंही तिच्याकडे बघतो. आजाच्या नातवाला हात हलवत परत येता येणार नाही.

लवकर लिही. पत्राला सतरा-अठरा दिवस लागतात.

उमेश

———

पोस्ट ऑफिस, खोडाळा
२ एप्रिल २००१

उम्या,

हे अक्षर तुझ्या आईचं नाही. बाजारात मीठ-मिरची आणायला जाते असं सांगून जीपनं आलेय आणि रोहिदास पोस्टमास्तरच्या समोर बसलेय. त्यानं दार लोटून घेतलंय. जगदंबेची शपथ घ्यायला लावलीय त्याला, की लिहिलेलं विसरून जाईन. तो म्हणतो, मावशी, पोस्टातला माणूस तसाच असतो. बघू.

ज्याला लिहिता येत नाही त्याला गुपित कागदावर ठेवता येत नाही रे. आधी दुसऱ्याच्या कानात घालावं लागतं. म्हणून चाळीस वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. आता तुझ्यापायी सांगते. बसून वाच.

तुझ्या आजानं जन्मात एक कोंबडा मारला नाही.

रोहिदासनं पेन खाली ठेवलं होतं. उचल म्हटलं.

बंदूक त्याच्या बापाची, नाव बापाचं. मी दाभोशाहून लग्न होऊन आले त्या पहिल्या वर्षी मला मोठ्या ऐटीत रानात घेऊन गेला. कोंबडा समोर पंधरा पावलांवर. बार काढला. धूर गेला तर कोंबडा पलीकडच्या टेकाडावर आरवतोय. मी विचारलं काय झालं, तर म्हणे, "धुरात दिसलं नाही." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी कोंबड्याकडे बघितलंच नाही, नवऱ्याकडे बघितलं. चाप ओढायच्या आधीच दोन्ही डोळे गच्च मिटलेले. लहान पोर औषध घेताना मिटतं तसे. आवाजाला भ्यायचा बिचारा. घरी येऊन कुडाला टेकून बसला, जेवला नाही. शिकाऱ्याचा मुलगा म्हणून पाडाभर मान, आणि आता पहिल्याच वर्षी बायकोला कळलं.

मी काही बोलले नाही. माझ्या आईनं मला फासे लावायला शिकवलं होतं. जव्हारच्या टांग्याच्या घोड्याच्या शेपटीचे केस फासे वळायला माझ्या पेटीत होते, लग्नात चोळ्यांखाली घालून आणलेले. चौथ्या दिवशी पहाटे करवंदीत बसले, पाचोळ्यात फासा मांडला आणि कोंबडीच्या आवाजात बोलावलं. आला रे, ऐट करत! पाय अडकला, मान मुरगाळली नि तुझ्या आजाच्या हातात दिला. म्हटलं, आता बार काढा.

त्यानं कोंबडा हातात तोलून बघितला. मग असा हसला, उम्या, असा हसला की पुढची अकरा वर्षं मी त्या हसण्यासाठी पहाटे उठले. नळीत नुसती दारू नि चिंधी ठासायची आणि आभाळाकडे तोंड करून काढायचा बार. पाड्याला ऐकू जायचं, लक्ष्यानं मारला. आणि घरी येताना खांद्यावर कोंबडा टाकून कसा झाडावरून पाहिला, कसा नेम धरला, हे तो असं सांगायचा की मलाही खरं वाटायचं. बार त्याचा, कोंबडा माझा. मग सरकारनं शिकार बंद केली, बरंच झालं. बंदूक जमा केली नि फासे मी चुलीत घातले.

हे आता का सांगते? तुझ्या पत्रात 'धूर' आला म्हणून. रोहिदास फौजेत होता. मी त्याला सहज विचारलं, नव्या बंदुकीचा धूर किती होतो? तो म्हणाला, मावशी, आताच्या काडतुसाला धूर कुठे, समोरचं सगळं स्वच्छ दिसतं. पकडलं की नाही तुला? डोळे मिटतोस ना रे? कागदाला एकसुद्धा छर्रा लागला नसेल. लाजू नको. तुला नाक माझं आलंय, डोळे त्याचे आलेत.

म्हणून पंप घे. मोटर घेशील तर पहिला बार डोळे मिटून, दुसरा डोळे मिटून, तिसराही. पाठीशी दोन बार उभे आहेत हे ज्याला ठाऊक, त्याचा पहिला बार उनाड निघतो. पंपला पुन्हा ओढावं लागतं, खट्-खट् वाजतं, तेवढ्यात पाखरू जातं. म्हणजे बार एकच आहे असं धरून बस.

आता डोळ्यांचं औषध. कोंबडा जवळ आला, बंदूक खांद्याला आहे, की एकदाच, हलकेच, कोंबडीचा आवाज काढ. टुक्. तो थबकतो नि मान उंच करतो. तू मान कधी उंच होते ते बघत राहा. ज्याला पुढे काय होतं ते बघायचंय त्याचे डोळे मिटत नाहीत. तुझ्या आजाला मी हे शिकवलं नाही, कारण शिकवायला आधी बोलावं लागलं असतं. तुझ्याशी बोलायला मला पोस्टाची तिकिटं पडतात, म्हणून बोलते. आवाज तुला येतो. लहानपणी माझ्या कोंबड्यांना फसवून खुराड्यात कोण कोंडायचं?

त्या वॉल्टरला आजाचं खरं सांगायचं की नाही ते तू ठरव. मला इथून त्याचा चेहरा दिसत नाही. पण उत्तर घरच्या पत्त्यावर पाठवू नको. रोहिदासच्या नावे, पोस्टात पाठव. तुझ्या आईला सासरा देवासारखा. आणि कोंडीच्या कानावर गेलं तर फोटोतून म्हातारा खाली उतरेल.

अंगठा. रोहिदासनं शाई जास्त लावलीय, ते बोट माझंच आहे.

हिराबाई

———

मिसुरी
१ मे २००१

आजी!

रोहिदासमामा, हे आजीला एकटीला वाचून दाखवा. सावकाश, पण फार सावकाश नको.

तुझं पत्र वीस तारखेला आलं. मी गोठ्यामागे उभं राहून वाचलं. आधी कान गरम झाले, मग मी इतका हसलो की वॉल्टरचा कुत्रा भुंकायला लागला. आजी, तू म्हणतेस ते खरं. कागदाला एकही लागला नव्हता, वीस बारात एकही. धूरबीर काही नव्हता. मी त्याच संध्याकाळी मुलाची बंदूक कपाटात ठेवली आणि पंप घेतली. वॉल्टरनी फक्त भुवई वर केली.

सोमवारी पाऊस. मंगळवारी आवाज ऐकला, पण नदीपलीकडे. बुधवारी मला झोप लागली, हे कुणाला सांगू नकोस. गुरुवारी दोन माद्या माझ्या बुटाजवळून चालत गेल्या, नर नाहीच. शुक्रवारी एक आला, दिसला, मी पापणी हलवली, गेला. शनिवारी काहीच नाही. शनिवारी मार्थाबाईंनी मोठं भांडं काढून ठेवलं होतं, ते मी रिकाम्या हातानं परत आल्यावर त्यांनी पुन्हा आत ठेवलं.

रविवार! बरणीसाठी शेवटचा दिवस. वॉल्टरनी मला लाकडाची पेटी दिली होती, घासली की मादीसारखी वाजते. ती मी खिशातच ठेवली. एका ओकच्या झाडाला टेकून बसलो आणि तुझ्यासारखं बोलावलं, तोंडानं. आपल्या कोंबडीचा आवाज आणि हिचा वेगळा आहे गं, पण मी जरा जाड केला, वॉल्टरनी दोन महिने ऐकवलाय तसा. आणि फांदीवरून त्यानं उत्तर दिलं! आजी, माझ्या छातीत असं वाजायला लागलं की वाटलं हेच ऐकून पळेल. उतरला. दिसेना. पाचोळा वाजतोय, पण दिसेना. मी पुन्हा बोलावलं, अगदी हळू, लाडात. मग झुडपामागून आधी पिसारा आला, मग तो. उन्हात तांब्याच्या हंड्यासारखा चमकत होता! पाच पावलं चालायचा, थांबायचा. चाळीस पावलं. तीस. वीस. मला आपल्या पाड्याची अख्खी करवंदी दिसत होती नि त्यात बसलेली तू.

टुक्.

थबकला. मान उंच झाली. मी ती उंच होताना पाहिली, आजी! बार झाला तेव्हा मी बघत होतो. तो जागेवर पडला. हात आपोआप पंपवर गेला, खट्-खट्, पण दुसऱ्याची गरजच नव्हती.  मग मी त्या पाखराशेजारी बसलो आणि जरा वेळ त्याच्या पिसांवरून हात फिरवला. तू मान मुरगाळल्यावर काय करायचीस, ते विचारायचं राहिलं.

जेवताना आम्ही तिघंही हळूहळू चावतोय. आणि वॉल्टरच्या दाताखाली, टक्! त्यांनी तो बोटांत धरला, धुतला, नि बरणीत टाकला. एवढासा आवाज होतो गं त्याचा काचेवर. मार्थाबाई उठून आत गेल्या, डोळे पुसायला.

मग मला राहवेना. मी आजाचं सगळं सांगितलं. फासा, चिंधी, आभाळात बार, सगळं. वॉल्टरनी फ्रिजवरचा फोटो काढून आणला. म्हणाले, "मला फोटो फ्रिजवर लावला त्या दिवसापासून ठाऊक आहे. पन्नास वर्षं पिसं उपटतोय मी. छर्ऱ्यांनी मेलेला पक्षी इतका नीटनेटका नसतो. म्हटलं, ह्याला मारणारा फोटोत नाही." मग भिंग आणून कडेच्या बांगड्यांवर धरलं. "हिचा अर्धाच हात का आलाय? अख्खा फोटो मागव."

आजी, अख्खा फोटो पाठव.

तुझा,
उमेश

———

आंब्याचा पाडा
२४ मे २००१

उम्या,

तुझी आई लिहितेय. हो, तीच. पुढचं ऐक म्हणजे समजेल.

रोहिदास भाचीच्या लग्नाला जामसरला गेला होता. तुझं पत्र आलं. पाकिटावर त्याचं नाव होतं, पण आपला मंगळू पोस्टमन नाव कुठे वाचतो? त्यानं तिकीट पाहिलं, परदेशी. म्हणाला, हे हिराबाईचं. आणि नेहमी सायकल लावून निवांत येणारा माणूस त्या दिवशी पाड्याच्या तोंडापासून ओरडत आला, "आजी, अमेरिका आली!" मी नदीवर. अंगणात कोंडी, तुका, पांड्याची बायको, अर्धा पाडा जमलेला. तुझ्या आईनं फोडलं नि वाचायला लागली. वर तू लिहिलंस आजीला एकटीला वाच. तिला वाटलं, ते गमतीनं.

मी धुणं घेऊन आले तर सगळे माझ्याकडे बघताहेत. तुझी आई म्हणाली, "आई, 'फासा, चिंधी, आभाळात बार' म्हणजे काय?"

माझ्या हातून पाटी खाली पडली. वाटलं संपलं, म्हाताऱ्याचं नाव मातीत गेलं, आणि तेही माझ्याच अंगठ्यानं. तर कोंडी हसायला लागली. ती अशी हसायला लागली की तिचा पदर डोक्यावरून गेला. म्हणाली, "हिरे, अकरा वर्षं तुझ्या घरचा कोंबडा आम्ही खाल्ला. अकरा वर्षांत कुणाच्या दाताखाली एक छर्रा आला नाही. आम्हाला काय दात नव्हते?"

तुका म्हणाला, "माझ्या बापाला ठाऊक होतं. तो म्हणायचा, लक्ष्याचा बार झाला की समजायचं, हिरानं पकडला."

सगळ्यांना ठाऊक होतं, उम्या! सगळ्या पाड्याला. आणि कुणी ब्र काढला नाही, त्याच्यासमोर नाही, माझ्यासमोर नाही, तो गेल्यावरसुद्धा नाही. मी चाळीस वर्षं जे झाकून बसले त्यावर त्यांनी वरून आणखी एक पांघरूण घातलं होतं. मी भांडलेच त्यांच्याशी. म्हटलं, मेल्यांनो, मग दरवर्षी तोंड वासून त्याची गोष्ट का ऐकायचात? कोंडी म्हणाली, "सांगायचा किती छान!"

एकट्या तुझ्या आईला ठाऊक नव्हतं, कारण ती सून होऊन आली तोवर शिकार बंद झाली होती. ती चिडलीय. सासऱ्यावर नाही, तर पाड्यानं आपल्याला कधी सांगितलं नाही म्हणून. हे ती आता जाड अक्षरात लिहितेय.

त्या वॉल्टरला सांग, कोंबड्याच्या बाबतीत तुझा डोळा खरा. अख्खा फोटो नाही. त्या फोटोवाल्यानं मला उभंच केलं नव्हतं. शेवटच्या क्षणी म्हाताऱ्याचा हात कापायला लागला म्हणून मी कोंबडा खालून धरला, तेवढा माझा हात आला. तेवढाच पुरे. काम त्या हातानंच केलं होतं. माझं तोंड बघायचं असेल तर म्हणावं, गुडघा बरा कर आणि खोडाळ्याच्या जीपमधे बस.

आणि तू विचारलंस, मी मान मुरगाळल्यावर काय करायचे. तेच, जे तू केलंस. पिसांवरून हात फिरवायचा. मग बार होईपर्यंत म्हातारा नि मी दोघं गप्प बसायचो.

ह्या पाकिटात एक गाठ लागेल हाताला. मंगळूनं दोनदा दाबून बघितली, रोहिदास म्हणाला वजन वाढेल, मी म्हटलं वाढू दे. तुझ्या आजाची छर्ऱ्यांची पिशवी माझ्या पेटीत आहे. कातड्याची, गच्च भरलेली. बापानं दिली तशीच, त्यानं त्यातला एक खर्चला नाही. त्यातला एक तुझ्या आईनं चिंधीत बांधून पाठवलाय. वॉल्टरला विचार, त्याच्या बरणीत बावन्नावा चालेल का. तो कुणाच्या दाताखाली आलेला नाही, आणि कुठल्या पाखराला लागलेला नाही. पण अकरा वर्षं सगळ्या पाड्यानं तो लागला असं मानलं.

टाकलास की त्याचा आवाज कसा येतो ते लिही.

अंगठा,
हिराबाई

ता. क. उमेश, मी आई. डोळे उघडे ठेवलेस हे चांगलं केलंस. कान झाकले होतेस ना?